नमुना बाजूला ठेवून मुलांसाठी विणताना

छापील नमुना समोर न ठेवता मुलांसाठी विणायचे असे मी ठरवले, त्यामागे नमुन्यांबद्दल अनादर नव्हता. नमुना लिहिणाऱ्या व्यक्तीने पुष्कळ विचार केलेला असतो. परंतु तो विचार एका ठरावीक लोकरीचा, ठरावीक सुईचा आणि ‘वय ३ ते ४ वर्षे’ अशा शब्दांत सांगितलेल्या एका सरासरी मुलाचा असतो. आमच्या कुटुंबातली मुले त्या सरासरीत बसत नव्हती. माझी भाची चार वर्षांची असली तरी अंगाने बारीक आणि हाताने लांब होती, भावाचा आठ वर्षांचा मुलगा टोरांटोच्या थंडीत राहत होता, आणि ठाण्याला चुलतभावाकडे जे बाळ येणार होते त्याचे तर माप घेणेही शक्य नव्हते. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर या तिघांसाठी भेटी विणायला घेतल्या, त्याचा हा अनुभव आहे.

नमुना परदेशी असला तर आणखी एक अडचण येते, ती सुयांच्या क्रमांकांची. आपल्याकडे मिळणाऱ्या सुयांवर बहुधा जुन्या ब्रिटिश पद्धतीचे क्रमांक असतात. त्यात क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते, म्हणजे १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची आणि ८ नंबरची ४ मिलिमीटरची. अमेरिकी पद्धत याच्या नेमकी उलटी आहे आणि तिच्यात ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. लोकरीचेही तसेच आहे. वेष्टनावर ‘चार पदरी’ लिहिलेले दोन गुंडे वेगवेगळ्या कारखान्यांचे असले की जाडीला सारखे असतीलच असे नाही. हे सर्व जुळवून घेत नमुना पाळण्यापेक्षा हातातली लोकर, हातातली सुई आणि समोरचे मूल यांच्यावरून हिशेब मांडणे मला अधिक सरळ वाटते.

माझी आई असेच विणत असे. मुलाला पाठमोरे उभे करून ती सुईवरचे विणकाम त्याच्या पाठीला लावून पाहत असे, बाहीची लांबी वितीने मोजत असे आणि गळा किती सोडायचा हे चार बोटांनी ठरवत असे. पुढे एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत राहिलेल्या विणकाम शिक्षिकेची टक्क्यांची पद्धत माझ्या वाचनात आली, तेव्हा आईच्या बोटांमागचा हिशेब मला दिसू लागला. छातीच्या घेराचे एकूण टाके शंभर मानले, तर मनगटापाशी साधारण वीस, दंडापाशी तेहतीस आणि गळ्यापाशी चाळीस टाके लागतात, असे ती पद्धत सांगते. एक आकडा ठरला की बाकीचे त्याच्यामागून येतात, त्यामुळे कोणत्याही जाडीच्या लोकरीला ती लागू पडते.

मुलांच्या बाबतीत मात्र ही टक्केवारी जशीच्या तशी चालत नाही, आणि माझ्या मते मुलांसाठी विणणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी हेच समजून घ्यायला हवे. मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रत नव्हे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा भाग असते, तर प्रौढ माणसात ते सातवा-आठवा भाग असते. जन्मतः डोक्याचा घेर छातीच्या घेरापेक्षा थोडा जास्तच असतो, वर्षाच्या सुमारास दोन्ही सारखे होतात आणि त्यानंतर छाती पुढे जाते. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर सुमारे ५० सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या छातीपेक्षा किंचितच कमी असतो. छातीवरून चाळीस टक्के काढून गळा विणला तर तो मानेला सुंदर बसतो, पण डोक्यातून जात नाही, आणि स्वेटर घालताना नाक-कान ओढले गेले की ते मूल पुन्हा तो स्वेटर अंगाला लावू देत नाही. म्हणून मी मुलांच्या स्वेटरचा हिशेब छातीबरोबर डोक्यापासूनही करते.

भाचीच्या स्वेटरपासून सुरुवात केली. लोकर निवडायला तिला बरोबर नेले होते आणि निवडीची कसोटीही तिलाच लावू दिली. प्रत्येक गुंडा हनुवटीखाली धरायचा, दुकानात एक फेरी मारायची आणि मग सांगायचे.

“मावशी, हा टोचतोय. हा नको.”

“आणि हा पिवळा?”

“हा मांजरासारखा आहे. पण मला बटणं नकोत हं, मला घालता येत नाहीत.”

तिने पसंत केलेली लोकर मातकट पिवळ्या रंगाची, ॲक्रिलिक आणि मेरिनो यांच्या मिश्रणाची होती. नाशिकच्या थंडीला ती पुरेशी उबदार आहे आणि वारंवार धुतली तरी आटत नाही, हे मला ठाऊक होते. ॲक्रिलिक ज्वाळेजवळ वितळते, एवढे मात्र घरच्यांना सांगून ठेवले. दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांजवळ मुलांच्या अंगावर ते नसावे.

त्यानंतर टाक्यांचे माप काढण्यासाठी एक लहान तुकडा विणला. नमुन्याशिवाय विणणाऱ्याने तुकडा टाळू नये, कारण पुढचा प्रत्येक आकडा त्याच्यातूनच निघतो. ९ नंबरच्या, म्हणजे ३.७५ मिलिमीटरच्या सुईवर तळहातापेक्षा मोठा चौकोन विणून, स्वेटर जसा धुणार तसाच धुऊन, वाळवून मगच मोजला. धुण्याआधीचे माप आणि धुतल्यानंतरचे माप यांत फरक पडतो आणि मूल घालणार असते ते धुतलेले कापड. काठाकडचे टाके ओढले गेलेले असतात, म्हणून मोजपट्टी मधोमध ठेवली. १० सेंटिमीटर रुंदीत २४ टाके आणि १० सेंटिमीटर उंचीत ३२ ओळी भरल्या. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले.

मापे घेताना मूल स्थिर उभे राहत नाही, आणि राहिले तरी श्वास रोखून धरते. त्यामुळे डोके, छाती आणि हाताची लांबी एवढेच अंगावरून घेतले आणि बाकीची मापे तिच्या आवडत्या सैल सदऱ्यावरून, तो जमिनीवर सपाट पसरून घेतली. मूल जो कपडा स्वतःहून पुन्हा पुन्हा मागते, त्याच्या मापांत त्याची सोय आधीच नोंदलेली असते. छाती ५४ सेंटिमीटर होती. आत बनियन आणि फ्रॉक बसावा, हात वर करता यावेत, म्हणून आठ सेंटिमीटर सैलपणा धरून घेर ६२ केला. दर सेंटिमीटरला २.४ टाके या हिशेबाने १४८ टाके होतात, म्हणजे पुढे ७४ आणि मागे ७४.

बटणे नको असल्यामुळे गळा डोक्यातून गेलाच पाहिजे होता. ५९ टाके हा चाळीस टक्क्यांचा आकडा बाजूला ठेवून मी ८४ टाके घेतले. ते ३५ सेंटिमीटर होतात आणि दोन सुलट, दोन उलट अशी ताणली जाणारी वीण ५० सेंटिमीटरपर्यंत सहज उघडते. मात्र टाके घालताना दोन सुया एकत्र धरून ते सैल घातले, कारण वीण कितीही ताणली जात असली तरी काठ घट्ट असला तर सगळे तिथेच अडते.

स्वेटर गळ्यापासून खाली विणायचा, असे ठरवले होते. दोन टोके मऊ तारेने जोडलेल्या गोल सुईवर अखंड फेऱ्या विणत गेले की पुढचा भाग, मागचा भाग आणि बाह्या एकाच वेळी वाढतात, शिवण कुठेच येत नाही आणि मुलाला मधेच घालून पाहता येते. ८४ टाक्यांपैकी पुढे-मागे ३०-३० आणि बाह्यांना १२-१२ अशी वाटणी केली. या चार भागांच्या मधल्या चारही रेषांवर, रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा, म्हणजे दर दुसऱ्या फेरीला आठ टाके वाढतात. पुढचा भाग ३० वरून ६८ पर्यंत न्यायला अशा १९ वाढी लागल्या. त्या ३८ फेऱ्यांत, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर उंचीत पूर्ण होतात, आणि भाचीच्या मानेच्या मुळापासून काखेपर्यंतचे अंतर जवळपास तेवढेच होते. बाह्यांचे टाके त्याच वेळी ५० झाले. ते वेगळ्या दोऱ्यावर ओवून ठेवले, प्रत्येक काखेत सहा नवे टाके घातले आणि १४८ चा आकडा बरोबर जमला.

इथे येईपर्यंतचे काम कागदावरचे असते. यानंतर खरे काम मुलाबरोबर होते. सर्व टाके लांब दोऱ्यावर घेऊन अर्धवट स्वेटर भाचीच्या गळ्यात घातला. तिने लगेच दोन्ही हात वर केले, वाकून पायाची बोटे धरली आणि पलंगावरून उडी मारली. कुठे ओढले जाते, हे उभ्या मुलाकडे पाहून कळत नाही, असे हालचाल करताना पाहिले की कळते. काखेत पुरेशी मोकळीक होती, मात्र मागचा काठ वाकल्यावर वर सरकत होता. म्हणून पाठीच्या बाजूला काही ओळी अर्ध्यावरून परत फिरवून विणल्या आणि पाठ पुढच्यापेक्षा दोन सेंटिमीटर लांब केली. असा फरक नमुन्यात क्वचितच दिलेला असतो, कारण तो त्या मुलाच्या बसण्या-वाकण्यावर ठरतो.

बाहीचे ५० आणि काखेतले ६ असे ५६ टाके होते. मनगटाला मी ३६ ठेवले. वीस टक्क्यांनी ते ३० आले असते, परंतु लहान मुलांचे मनगट हाताच्या मानाने भरीव असते आणि बाही मूठ मिटून आत घातली जाते. कमी करायचे वीस टाके, एका वेळी दोन, म्हणजे दहा वेळा. आणि काठापर्यंतची १९ सेंटिमीटर लांबी म्हणजे साधारण ६१ फेऱ्या. दर सहाव्या फेरीला दोन टाके कमी केले की बाही आपोआप निमुळती होत जाते. असा हिशेब एकदा स्वतः मांडला की आकडे पाठ करावे लागत नाहीत, आणि बस थांब्यावर उभे असतानाही पुढची फेरी कोणती, हे ठाऊक असते.

नक्षीच्या बाबतीत भाचीची मागणी स्पष्ट होती. नाशिकच्या आसपासच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या दिसल्याच्या बातम्या ती घरात ऐकत असते, आणि तिला बिबट्याचा स्वेटर हवा होता. बिबट्याचे ठिपके भरीव नसतात; गडद रंगाच्या तुटक कड्यासारखे असतात आणि आतला रंग बाहेरच्या रंगापेक्षा किंचित गडद असतो. दोन रंगांची लोकर एकाच वेळी चालवून ते विणता आले असते. परंतु तसे केले की आतल्या बाजूला लोकरीचे लांब धागे मोकळे राहतात आणि बाही चढवताना लहान बोटे त्यांत अडकतात. म्हणून स्वेटर एकरंगी पूर्ण केला आणि ठिपके नंतर जाड, बोथट सुईने, विणलेल्या प्रत्येक टाक्याच्या वाटेवरूनच दुसरा धागा फिरवून भरले.

ठिपके कुठे असावेत, हे तिनेच ठरवावे असे मला वाटत होते. स्वेटर तिच्या अंगावर घातला आणि टिकल्यांचे एक पाकीट तिच्या हातात दिले. पोटावर तिने स्वतः टिकल्या चिकटवल्या, पाठीवर आईकडून लावून घेतल्या आणि एक टिकली डाव्या कोपरावर लावली. बिबट्या तिथे टेकतो, असे तिचे म्हणणे होते. एखाद्या अनुभवी रेखाटनकाराने मांडणी केली असती तर ती इतकी मोकळी झाली नसती, असे मला मनापासून वाटते. मी प्रत्येक टिकलीच्या जागी रंगीत दोऱ्याची खूण केली आणि एकाही ठिपक्याची जागा बदलली नाही.

ठिपक्यांचा आकार काढताना मात्र पुन्हा तुकड्याकडे जावे लागले. २४ टाके आणि ३२ ओळी याचा अर्थ असा की एक टाका उंचीपेक्षा रुंदीला अधिक असतो. चौकोनी चौकटींच्या आलेख कागदावर काढलेले वर्तुळ त्यामुळे विणकामावर बसके होते. सहा टाके रुंद कडे गोल दिसायला हवे असेल, तर ते आठ ओळी उंच घ्यावे लागते. मी वहीच्या पानावर आडव्या चौकटी आखून घेतल्या, तीन-चार प्रकारची तुटकी कडी काढली आणि भरताना ती आलटून-पालटून वापरली, कारण बिबट्याचे कोणतेही दोन ठिपके एकसारखे नसतात आणि भाचीला ते माहीत होते.

ठाण्याच्या बाळासाठी काम सोपे होते. आपल्याकडे बाळंतविड्यात झबली, टोपरी, दुपटी यांच्याबरोबर लोकरीचे काहीतरी द्यायची पद्धत आहे, पण ठाण्याच्या दमट हवेत लोकर बाळाला नकोशी होते. म्हणून सुती धाग्याचे दुपटे घेतले. ते एका कोपऱ्यापासून विणले. तीन टाक्यांनी सुरुवात, सर्व ओळी सुलट, आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी एकाच टाक्यात दोन विणून एक टाका वाढवायचा. सर्व ओळी सुलट विणल्या की दोन ओळींची उंची एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते, त्यामुळे कोपरा काटकोनातच राहतो आणि मोजमाप लागत नाही. धागा किती पुरेल, हा प्रश्नही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने सुटतो. निम्मा धागा संपला की चौकोनाचा कर्ण आला असे समजायचे आणि तिथून प्रत्येक ओळीला एक टाका कमी करत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जायचे. जाळीची नक्षी जाणीवपूर्वक टाळली, कारण भोकांत तान्ह्या बाळाची बोटे गुंततात.

त्याबरोबरचे टोपरे जन्माच्या वेळच्या मापाने केले नाही. जन्मतः सुमारे ३४ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर तीन महिन्यांत ४० च्या आसपास जातो, आणि बाळ खऱ्या अर्थाने बाहेर जाऊ लागते ते तेव्हाच. टोपरे डोक्याला धरून राहावे म्हणून ४० मधून दहावा भाग कमी करून ३६ सेंटिमीटर धरले. हनुवटीखाली बांधायचे बंद ठेवले नाहीत, गोंडाही लावला नाही, आणि घरात झोपताना ते घालू नका, बाळाचे अंग जास्त तापते, हे वहिनीला आवर्जून सांगितले.

टोरांटोच्या भाच्याचे माप फोनवर घ्यायचे होते. “आत्या, मी हात कागदावर ठेवून पेन्सिलने काढू का?” हे त्यानेच सुचवले. त्या चित्राशेजारी पट्टी ठेवून त्याच्या आईने छायाचित्र पाठवले आणि माझे काम झाले. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र आणि अंगठा वेगळा असे मोजे अधिक उबदार राहतात, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. त्यांच्यासाठी अस्सल मेंढीची लोकर घेतली, कारण ती ओलावा बराच शोषूनही ऊब धरून ठेवते. अंगठ्याच्या जागी काही टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने विणून ठेवले आणि शेवटी तो दोरा काढून मोकळ्या झालेल्या टाक्यांवर अंगठा विणला. पोहोचल्यावर त्याने मोजे घातलेला हात पुन्हा कागदावर ठेवून बाह्यरेषा काढून पाठवली. बोटांच्या टोकांशी किंचित जागा शिल्लक होती, ती मी मुद्दाम ठेवली होती.

प्रत्येक वस्तूचे वहीतले पान मी जपून ठेवते. त्यावर तुकड्याचे दोन आकडे, मुलाची मापे, तारीख आणि लोकरीचा एक वीतभर धागा एवढेच असते. भाचीच्या पानाला उरलेल्या पिवळ्या लोकरीची एक लडही बांधलेली होती. स्वेटर धुवायचा असेल तेव्हा बहिणीला ती लड नेऊन धुवायला लावत असे, म्हणजे दोन्हींचा रंग सारखाच उतरतो. चार-पाच वर्षांची मुले वर्षाला साधारण सहा सेंटिमीटर उंच होतात, परंतु छातीचा घेर त्या मानाने हळू वाढतो. स्वेटर आखूड होतो, अरुंद लवकर होत नाही. विणलेले कापड टाके बंद केलेल्या टोकाकडूनच सहज उसवते, आणि गळ्यापासून विणलेल्या स्वेटरचे ते टोक नेमके मनगटाशी आणि कमरेशी असते. यंदा थंडी पडू लागताच दोन्ही काठ उसवले, टाके पुन्हा सुईवर घेतले आणि बाह्या तीन सेंटिमीटर, अंग चार सेंटिमीटर वाढवले. मनगटाचे ३६ टाके अजून पुरेसे आहेत. कोपरावरचा ठिपका मात्र आता कोपराच्या थोडा वर गेला आहे, आणि भाचीने खाली आणखी एक टिकली लावून दिली आहे.